नानांचं वायरिंग

आमच्याकडे गाडी आधी आली आणि घर नंतर. माणसं सहसा हे उलट्या क्रमाने करतात, आणि ही गोष्ट आईने नानांना आयुष्यभर ऐकवली. आम्ही तेव्हा घाटकोपरला चाळीत राहायचो. एक खोली, खोलीच्या कोपऱ्यात मोरी, मोरीच्या वरती पोटमाळा आणि बाहेर सामाईक गॅलरी. नाना, म्हणजे माझे वडील, भांडुपच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. त्याआधी बरीच वर्षं गिरणीत होते, त्यामुळे त्यांचं बोलणं जरा मोठ्या आवाजातलं. यंत्रांच्या खडखडाटात बोलायची सवय लागली ती सुटली नाही. मी एकुलती एक. नुकतीच बी.कॉम. झाले होते आणि विक्रोळीच्या एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले होते. दिवसभर दुसऱ्यांची पत्रं टाइप करायची आणि घरी येऊन नानांच्या गाडीखाली झोपायचं, असा माझा दिनक्रम होता.

ती गाडी एका डॉक्टरांच्या कंपाउंडमध्ये तीन पावसाळे उघड्यावर उभी होती. टॅक्सीवाल्यांकडे असायची त्याच जातीची, फक्त काळीपिवळी नव्हे. मुळात रंग कुठला होता हे सांगणं कठीण होतं. मागच्या सीटवर मांजर व्यायलेलं होतं. डॉक्टरांना ती जागेवरून हलवून हवी होती आणि नानांना ती हवीच होती. कारखान्यातल्या तिघा दोस्तांना घेऊन त्यांनी ती भर दुपारी ढकलत चाळीपर्यंत आणली. आई गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती. सूप मांडीवर तसंच ठेवून तिने खाली बघितलं.

"ह्या काय हाडलात?"

"गाडी," नाना खालून म्हणाले.

"गाडी चलता. ही ढकलूची लागता," आई म्हणाली आणि पुन्हा तांदळातले खडे वेचायला लागली.

गाडी चालायला सात महिने लागले. नानांची दुरुस्तीची पद्धत मी त्या सात महिन्यांत शिकले, आणि पुढे ज्या कामावर माझं पोट चाललं त्याचा पाया तिथेच पडला. ते कधी घाईने पाना हातात घेत नसत. आधी ऐकत. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक इंजिनवर टेकवायचं आणि लाकडी मुठीला कान लावायचा. आतली प्रत्येक हालचाल त्या दांड्यातून कानात यायची. पहिल्यांदा मला नुसताच गोंधळ ऐकू आला. मग हळूहळू त्यातले सूर वेगळे व्हायला लागले. "ही टकटक वरची आहे की खालची?" ते विचारायचे. मी चुकीचं उत्तर दिलं तरी लगेच दुरुस्त करत नसत. "बरं, मग तिथे उघड," म्हणायचे. मी उघडायची, तिथे काही नसायचं, मी पुन्हा सगळं बंद करायची. एका चुकीला अर्धा दिवस. पण तीच चूक मी परत केली नाही.

दुसरं त्यांचं वेड म्हणजे वाया जाणारी शक्ती. गाडी चालू झाल्यावर आम्ही पहिली फेरी मारून आलो, तेव्हा खाली उतरून त्यांनी माझा हात धरला आणि बॉनेटवर ठेवला. तापलेलं होतं. "बघ," ते म्हणाले, "चार वाट्या पेट्रोल घातलंस तर त्यातल्या एका वाटीवर गाडी चालते. उरलेल्या तीन वाट्या ह्या अशा जातात. नुसतं ऊन होऊन." मग तसेच उभे राहून म्हणाले, "घराचंही असंच असतं. आपण दिवसभर उन्हाला आत घेतो आणि मग पंखा लावून बसतो." आज माझी गाडी विजेवर चालते. तासभर चालवून आले तरी बॉनेटवर हात ठेवला तर थंड लागतं. उघडून बघावं तर आत हात घालायला जागा नाही, पाना लावायला नट नाही. तीन वाट्यांची उधळपट्टी थांबली याचा नानांना आनंद झाला असता, पण उघडता येत नाही म्हटल्यावर त्यांनी ती घेतली असती की नाही, मला सांगता येत नाही.

मुलुंडची जागा गाडीनंतर वर्षाभराने मिळाली. गिरणीतल्या जुन्या ओळखीच्या माणसांनी मिळून डोंगराच्या पायथ्याशी जमिनीचा एक तुकडा घेतला होता आणि त्याचे लहान लहान भाग पाडले होते. आमच्या वाटणीला आलेल्या भागात एक जांभळाचं झाड आणि पुष्कळ दगड होते. इतरांनी लगेच चुन्याची फक्की मारून खोल्या आखल्या. नाना एक आख्खा रविवार अगरबत्तीचा पुडा घेऊन तिथे बसले. एकेका जागी अगरबत्ती खोचायची आणि धूर कुठे वळतो ते बघायचं. सकाळी वेगळा, दुपारी वेगळा, संध्याकाळी वेगळा. ते सगळं त्यांनी माझ्या शॉर्टहँडच्या वहीत बाण काढून टिपून ठेवलं. शेजारच्या जागेवरचे खोतकाका, हेही गिरणीतलेच, बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी आईला हळूच विचारलं, वहिनी, हे बरे आहेत ना? आई म्हणाली, "लोक देवाक अगरबत्ती लावतत. आमचे जमनीक लावतत."

पण त्या बाणांवर आमच्या खिडक्या ठरल्या. समोरासमोर, एक बाजू खाली आणि एक बाजू उंच, म्हणजे गरम हवा वरून निघून जाईल आणि खालून वारा आत येईल. पश्चिमेच्या भिंतीला एकही खिडकी नाही. स्लॅबवर जाड चुना, म्हणजे ऊन परत जाईल. गच्चीवर काळं रंगवलेलं लोखंडी पिंप, म्हणजे आंघोळीचं पाणी फुकट तापेल. गॅसचा नंबर लागायला किती वर्षं जातील ते कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि रॉकेलच्या रांगेत आईचा दर आठवड्याला अर्धा दिवस जायचा. त्यामुळे पिंपाची कल्पना तिला पटली. तिने स्वतःच्या दोनच गोष्टी मागितल्या. ओटा तिच्या उंचीचा हवा, गवंड्याच्या नव्हे. आणि ओट्याजवळ विजेचा प्लग हवा, कारण तिला मिक्सर घ्यायचा होता. चाळीत पाट्यावर नारळ वाटताना शेजारणींची वाट अडायची, त्यावरून कुरबुरी व्हायच्या. स्वतःच्या घरात उभ्याने वाटण करायचं, एवढं तिचं स्वप्न होतं.

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं आणि मिळेल तेव्हा आणायला लागायचं. आमच्या गाडीने मागची सीट काढून त्याच्या गोणी वाहिल्या, विटा वाहिल्या, चौकटी टपावर बांधून आणल्या. ओझ्याने मागचे स्प्रिंगचे पाटे बसले, ते आम्ही दोघांनी बदलले. रविवारी सकाळी आई तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी आणि बाटलीत सोलकढी घेऊन पुढच्या सीटवर बसायची, मी मागे गोणींवर. जांभळाखाली बसून जेवायचं. जेवताना आई भिंतींकडे बघत असायची. कोणी लक्ष देत नसलं की ती उठून जिथे ओटा येणार होता तिथे जाऊन नुसती उभी राहायची.

आता मागे वळून बघताना त्या वर्षातल्या काही गोष्टी वेगळ्या दिसतात. नाना नव्या चौकटीला खांदा आपटायचे आणि "गवंड्याने चौकट अरुंद ठेवली" म्हणायचे. खाली ठेवलेला पाना शेजारीच असला तरी मला मागायचे. चहाचा कप डाव्या हाताशी ठेवला तर कलंडायचा. कारखान्यातून येताना गॅलरीत ठेवलेल्या बादलीला ते दोनदा अडखळले, तेव्हा आई शेजारणीशी भांडली. ह्यातली प्रत्येक गोष्ट सुटी सुटी घडली. इंजिनातला बारीक आवाज ओळखणारी मी, घरातला हा आवाज मला ऐकू आला नाही.

महिन्यातून एखाद्या रविवारी नाना मला घेऊन माहुलला जायचे. निमित्त मासळीचं. खाडीतल्या चिंबोऱ्या आणि निवट्या तिथे ताज्या मिळायच्या आणि आईचं त्यांवर प्रेम होतं. पण खरं म्हणजे त्यांना तो रस्ता आवडायचा. एका बाजूला तेलाच्या प्रचंड टाक्या, धुराडी, त्यांच्यावरच्या ज्वाळा, आणि त्यांना लागूनच कोळीवाडा, वाळत घातलेली जाळी. वासही दोन प्रकारचे, एकात एक मिसळलेले. "आपलं पेट्रोल इथून निघतं," ते म्हणायचे. "ज्यांच्या दाराशी निघतं त्यांची घरं एकदा बघून ठेवावीत."

त्या रविवारी सकाळचे नऊ वाजले असतील. ऊन स्वच्छ होतं. नाना चालवत होते, मी शेजारी डावीकडे. वेग काहीच नव्हता. डावीकडच्या बोळातून एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन रस्त्यावर आली. मला ती पुरती दिसली, तिच्या लुगड्याचा हिरवा रंग दिसला. आता नाना ब्रेक दाबतील म्हणून मी गप्प होते. त्यांनी दाबला नाही. मी "नाना" म्हणून ओरडले आणि हँडब्रेक खेचला. गाडी आचके देत बंद पडली. बाई मागे सरली, तिच्या डोक्यावरची पाटी मात्र बॉनेटवर पडली आणि चिंबोऱ्या रस्ताभर झाल्या.

तिला लागलं नव्हतं. ती सरळ नानांच्या खिडकीशी आली. "डोले फुटले काय रं तुजे? यवरी मोठी बाय दिसत नाय तुला?"

नाना उतरले. त्यांनी हात जोडले. ती अजून बोलत होती. मग त्यांनी वाकून चिंबोऱ्या गोळा करायला सुरुवात केली. उजवीकडच्या चटकन उचलत होते. डावीकडे एक चिंबोरी त्यांच्या पायापासून हातभर लांब होती, ती नांग्या उभारून चालली होती, आणि ते तिच्याकडे बघत नव्हते. मी बघत राहिले. कोळीणही बघायला लागली. तिने तोंडातलं बोलणं अर्धवट सोडलं, ती चिंबोरी स्वतः उचलून पाटीत टाकली, आणि माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "पोरी, गारी तू घेऊन जा. याचे हातान नको देव."

त्या चिंबोऱ्या आम्ही विकत घेतल्या आणि गाडी मी चालवत आणली. मला मुलुंडच्या मोकळ्या रस्त्यावर नानांनी शिकवलं होतं, लायसनही होतं, पण घाटकोपरपर्यंत भर वाहतुकीतून मी कधी आले नव्हते. नाना गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. चेंबूरच्या पुढे आल्यावर म्हणाले, "समोरचं सगळं स्पष्ट दिसतं गो मला. पेपर वाचतो मी. बाजूचंच जरा." मग म्हणाले, "आईला सांगू नकोस. घर पुरं होऊ दे. कारखान्यात कळलं तर मला घरी बसवतील."

मी "बरं" म्हणाले. ह्या एका शब्दाचा मी पुढे खूप विचार केला आहे. एकवीस वर्षांच्या मुलीने, ज्या बापाला तिने कधी हात जोडताना पाहिलं नव्हतं, त्याला दुसरं काय सांगायचं होतं? पण मला ठाऊक होतं की हे बरोबर नाही. मी एवढंच केलं की गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवायला लागले. मला सराव हवा, असं आईला सांगितलं. तिने नानांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चिंबोऱ्यांचं वाटण करायला घेतलं.

घराचं वायरिंग नानांनी स्वतः केलं. त्यासाठी दुसरा कोणी माणूस लावणं त्यांना अपमानाचं वाटलं असतं. संध्याकाळी कारखान्यातून परस्पर मुलुंडला जायचे आणि अंधारून येईपर्यंत काम करायचे. खिडक्यांना अजून तावदानं नव्हती म्हणून फळ्या ठोकलेल्या होत्या, आतमध्ये उजेड बेताचाच. मी मदतीला येते म्हटलं तर म्हणाले, "तुझं ऑफिस बघ." मीटर बसवण्याआधी वीज कंपनीचा माणूस तपासणीला येणार होता, त्याची तारीख आली. त्याच्या आदल्या रविवारी आम्ही तिघं घर झाडायला गेलो. आईने ओटा धुतला, त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि बाजूला नव्या मिक्सरचं खोकं ठेवलं. मिक्सर तिने आठवडाभर आधीच आणून ठेवला होता.

वीज नसताना वायरिंग तपासायची नानांची एक युक्ती होती आणि ती मला त्यांनीच शिकवली होती. गाडी दाराशी लावायची, तिच्या बॅटरीला दोन लांब वायरी जोडून त्या घराच्या मुख्य बोर्डाला द्यायच्या. गाडीच्या बॅटरीत एवढा जोर नसतो की कोणाला झटका बसेल. मग गाडीचाच एक लहान दिवा हातात घेऊन घरभर फिरायचं आणि प्रत्येक प्लगला लावून बघायचं. जिथे पेटायला हवा तिथे पेटला, तर बरोबर. नाना गच्चीवर पिंपाला काळा रंग देत होते. मी दिवा घेऊन निघाले. बाहेरची खोली बरोबर, आतली खोली बरोबर. ओट्याजवळच्या प्लगला लावला तर दिवा पेटला नाही.

सैल असेल म्हणून दाबून बघितला. नाही. मग सहज दिव्याच्या वायरीचं एक टोक वरच्या मोठ्या भोकात घातलं आणि दिवा लख्ख पेटला.

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. वरचं मोठं भोक अर्थिंगचं असतं, त्यात वीज असायची नाही. मिक्सरचं, इस्त्रीचं धातूचं अंग त्याला जोडलेलं असतं, म्हणजे आत काही बिघाड झाला तर वीज आपल्या हाताऐवजी जमिनीत जावी. त्या भोकातच वीज आली, तर बिघाड नसतानाही ते अंग जिवंत होतं. मी स्क्रू काढून प्लग बाहेर ओढला. लाल वायर हवी तिथे हिरवी होती आणि हिरवीच्या जागी लाल. दोन्ही सुबक गुंडाळलेल्या, स्क्रू घट्ट. काम नानांचंच होतं. फक्त रंग बदलले होते.

आई माझ्या मागे ओट्यावर नारळ फोडत होती. ओले हात, अनवाणी पाय, ताजी धुतलेली फरशी.

बदलायला दोन मिनिटं लागली असती. स्क्रूड्रायव्हर माझ्या हातातच होता. मी एक स्क्रू अर्धा आटा फिरवून सैलही केला. कोणाला कधी कळलं नसतं. मग मनात आलं की नाना उद्या सकाळी सातला भांडुपला जातील आणि एखादं यंत्र असंच जोडतील, आणि तिथे त्यांच्या मागून दिवा घेऊन फिरणारं कोणी नसेल. मी तो स्क्रू परत होता तसा आवळला आणि जिन्याखालून हाक मारली.

नाना रंगाचे हात फडक्याला पुसत आले. मी काही न सांगता दिवा वरच्या भोकात धरला. पेटलेला दिवा ते बघत राहिले. मग गुडघ्यावर बसले आणि बाहेर लोंबणाऱ्या वायरी त्यांनी बोटांत घेतल्या, डोळ्यांच्या अगदी जवळ नेल्या, फळ्यांच्या फटीतल्या उजेडाकडे वळवल्या.

"ही कुठली?" त्यांनी विचारलं.

"लाल."

"आणि ही?"

"हिरवी, नाना."

ते तिथेच जमिनीवर टेकले, भिंतीला पाठ लावून. आईने नारळाची कवड खाली ठेवली. तिला विजेतलं काही कळत नव्हतं, पण तिने मिक्सरच्या खोक्याकडे पाहिलं, प्लगकडे पाहिलं, आणि नवऱ्याकडे.

"कधीपासना दिसत नाय?" तिने विचारलं.

नाना म्हणाले, "वर्स झाला."

"हिका म्हायत होता?"

मी हो म्हणून मान हलवली. मला वाटलं ती माझ्यावर चिडेल. ती नानांच्या समोर खाली बसली. "माका कित्याक सांगलात नाय? घर माजा म्हणान बांधलात, आणि माकाच सांगूक नाय?" तिचा आवाज चढला नव्हता. "मी बादलीवरसून शेजारणीशी भांडलंय. ती बिचारी तोंड फिरवन जाता अजून."

नानांना त्या क्षणी हसू आलं, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना रडताना दुसऱ्यांदा कधी पाहिलं नाही. आईने पदराने त्यांच्या गालावरचा काळा रंग पुसायचा प्रयत्न केला, तो आणखीनच पसरला.

जेवण त्या दिवशी उशिरा झालं. जेवून झाल्यावर नाना मला म्हणाले, "प्रत्येक प्लग खोल. प्रत्येक बटन. पेटला म्हणून सोडू नकोस, उघडून रंग बघ. मी केलंय म्हणून बरोबर असेल, असं धरायचं नाही." मी संध्याकाळपर्यंत सगळं घर उघडलं. ते माझ्यासोबत खोलीतून खोलीत आले, दाराशी बसून राहिले, विचारत राहिले आणि मी सांगत राहिले. न्हाणीघरात आणखी एक चूक निघाली. ती मी दुरुस्त केली तेव्हा त्यांनी फक्त मान डोलावली.

सोमवारी ते कारखान्यात गेले आणि स्वतः साहेबांना सांगितलं. आम्हाला भीती होती तसं त्यांना घरी बसवलं नाही. स्टोअरमध्ये बदली झाली. नटबोल्ट, बेअरिंगं, फ्यूज द्यायचे आणि नोंद ठेवायची. जे हात यंत्रं उघडायचे ते आता दुसऱ्यांच्या हातात पाने द्यायला लागले. पहिले काही महिने ते घरी येऊन सरळ झोपायचे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. त्यात आधी बाजूचं दिसणं जातं आणि कमी उजेडात रंगही कळेनासे होतात, म्हणाले. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते राखायचं. आईने ते राखायचं काम अंगावर घेतलं. डोळ्यांत थेंब घालायची वेळ तिने पुढची कित्येक वर्षं एकदाही चुकवली नाही. तिच्यामुळे नाना शेवटपर्यंत पेपरातले मथळे वाचू शकले.

तपासणीला आलेल्या माणसाने सगळं बघून कागदावर सही केली आणि काही दिवसांत मीटर बसलं. आईने मिक्सर लावायच्या आधी मला तिथे उभं केलं. मी प्लगला टेस्टर लावून दाखवला, तेव्हा तिने बटन दाबलं. ओल्या नारळाचं पहिलं वाटण तिने बोटाने चाखलं आणि म्हणाली, पाट्यावरच्यासारखी चव नाही. तरी पाटा तिने परत कधी काढला नाही.

आम्ही मुलुंडला राहायला गेलो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात खोतकाकांचं घर स्लॅबपर्यंत आलं. एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले. अगरबत्तीच्या दिवशी हसले होते, पण आमच्या घरात दुपारी पंख्याशिवाय बसता येतं हे त्यांनी पाहिलं होतं. नानांना म्हणाले, वायरिंग तुम्हीच करा, दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही. नानांनी जागा चाचपत चहाचा कप खाली ठेवला.

"मी आता करत नाही," ते म्हणाले. "हिला विचारा."

खोतकाकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना हे कसं घ्यावं कळेना. वायरिंग करणारी मुलगी त्यांनी पाहिली नव्हती, मीही पाहिली नव्हती. मी बघते म्हणाले. त्या महिन्यात ऑफिस सुटलं की मी त्यांच्या घरी जायची, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून शिडीवर चढायची. येणारेजाणारे दारात थांबून बघायचे, मग काही दिवसांनी थांबेनासे झाले. त्याच कामाच्या बळावर मी पुढे ऑफिस सोडून औद्योगिक शाळेत शिकायला गेले आणि नंतर तिथेच मुलांना शिकवायला राहिले. पण ती सगळी पुढची गोष्ट.

काम संपलं त्या दिवशी नानांना मी हाताला धरून खोतकाकांच्या घरी नेलं. त्यांनी घरात एक चक्कर मारली, भिंतींवरून हात फिरवला. मग स्वयंपाकघरात थांबले आणि म्हणाले, "इथला प्लग उघड." मी उघडला. त्यांनी डोळे मिटून घेतले. एकेक वायर बोटांनी चाचपली, वेढे मोजले, स्क्रूच्या माथ्यावर अंगठा ठेवला. खोतकाका आणि त्यांची बायको दारात उभी होती. नानांनी माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक खाचेत बसवलं, पण फिरवला नाही. मूठ माझ्या हातात परत दिली.

"अजून अर्धा आटा," ते म्हणाले.